जंजिऱ्याच्या बदल्यात सुरतेची गावे

सुरतेहून नवसारीकडे निघालेल्या गाडीत उधना मागे पडले की भेस्तान लागते आणि त्यापुढे सचिन. आज हे नाव घेतले की कापडाचे कारखाने, औद्योगिक वसाहत आणि तिथली विशेष आर्थिक क्षेत्राची भिंत डोळ्यांपुढे येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या या दक्षिण भागात येऊन राहिली आहेत. 2020 मध्ये सचिन सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. मात्र या गावाच्या नावाचे एक संस्थान होते. त्याला 1791 पासून 1948 पर्यंत, म्हणजे 157 वर्षे, नवाब होते. ते हबशी वंशाचे, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घराण्यातले होते आणि त्यांची गादी पेशव्यांशी झालेल्या एका तहाने उभी राहिली होती. मराठ्यांच्या इतिहासाचा हा धागा आपण मराठी लोकांनी जवळजवळ सोडून दिला आहे. जंजिऱ्याची गोष्ट आपण शिवछत्रपतींपासून सांगायला लागतो, संभाजीराजांनी 1682 मध्ये खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत पोचण्याचा केलेला प्रयत्न सांगतो, फार तर बाजीरावाच्या मोहिमेपर्यंत येतो आणि किल्ला अजिंक्य राहिला असे म्हणून थांबतो. त्या गोष्टीचे शेवटचे पान सुरत जिल्ह्यात आहे.

हे पान वाचायला कागद कोणते आहेत? पहिला, 6 जून 1791 चा तह. तो कंपनी सरकारच्या तहनाम्यांच्या संग्रहात, एचिसनने एकत्र केलेल्या खंडांत, छापलेला आहे. दुसरा, चार्ल्स मॅलेट या पुण्यातल्या इंग्रज वकिलाचा पत्रव्यवहार. पुणे रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचा दुसरा खंड मॅलेटच्या वकिलातीचा आहे आणि तो गो. स. सरदेसाई यांनी 1936 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. तिसरा, मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर. 1880 च्या सहाव्या खंडात सुरतेच्या संस्थानांचा, 1883 च्या अकराव्या खंडात कुलाबा आणि जंजिऱ्याचा वृत्तांत आहे. चौथा, पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. हे चारही कागद वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले आहेत. तह लिहिणाऱ्याला हक्क बांधायचे होते, मॅलेटला वरिष्ठांना खबर द्यायची होती, गॅझेटिअरवाल्याला जिल्ह्याच्या साहेबाला उपयोगी पडेल असा आढावा हवा होता आणि दफ्तरातल्या कारकुनाला जमाखर्च जुळवायचा होता. या चौघांना शेजारी बसवले, म्हणजे सचिनचे संस्थान कसे घडले हे बरेच स्पष्ट दिसते.

आधी भांडण. जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल रहीम 1784 मध्ये वारला. त्याचा वारस म्हणजे थोरला मुलगा अब्दुल करीम. कागदांत तो बहुतेक वेळा बाळूमिया या घरगुती नावानेच येतो. परंतु किल्ला सिद्दी जोहारच्या हाती गेला. (पन्हाळ्याला 1660 मध्ये वेढा घालणारा सिद्दी जौहर तो हा नव्हे, दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.) जंजिऱ्यावर गादीचा वारसा बापाकडून मुलाकडे आपोआप चालत नसे. किल्ल्यातल्या सिद्दी सरदारांचे पाठबळ ज्याला, तोफा आणि गलबते ज्याच्या हुकमात, तो वजीर. औरंगजेबाच्या काळापासूनची ही रीत होती. 1670 च्या सुमारास फत्तेखानाने किल्ला शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याच्याच हाताखालच्या सरदारांनी त्याला बाजूला सारले आणि मोगलांची चाकरी पत्करली. कागदावरचे वारसपत्र तिथे दुबळे ठरायचे. बाळूमिया किल्ल्याबाहेर पडला आणि न्याय मागायला पुण्यास आला.

पुण्यास येणारा तो पहिला सिद्दी नव्हे. 1733 मध्ये सिद्दी रसूल याकूतखान वारला आणि मुलांत तंटा पेटला. त्यातल्या अब्दुल रहमानाची बाजू घेऊन बाजीराव कोकणात उतरला. रायगड त्याच वर्षी जूनमध्ये मराठ्यांकडे परत आला, डिसेंबरात तह होऊन सिद्दीचे अकरा महाल निम्मेनिम वाटले गेले आणि 19 एप्रिल 1736 रोजी चिमाजीअप्पाने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सातास मारले. एवढे होऊनही पाण्यातला किल्ला पाण्यातच राहिला. म्हणजे पेशव्यांच्या दरबाराला जंजिऱ्याचा रुसलेला वारस कसा वापरायचा याचा चांगला पन्नास वर्षांचा अनुभव होता. त्याच्या हक्काचा कागद आपल्या हाती ठेवायचा आणि वेळ आली की त्या कागदाच्या आधाराने किल्ल्यावर जायचे. नाना फडणिसांनी बाळूमियाच्या बाबतीत हेच धोरण एक पाऊल पुढे नेले. त्यांनी वारसाला मदत देण्याऐवजी त्याचा वारसाच विकत घेतला.

तहाचा आशय थोडक्यात असा: बाळूमियाने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला, त्याबद्दल पेशव्यांनी त्याला सुरतेजवळ सालीना 75,000 रुपयांच्या उत्पन्नाचा मुलूख दिला. कंपनी या व्यवहारात सामील होती. तिला विचारल्याशिवाय जंजिऱ्याचा सौदा होणे शक्यच नव्हते, कारण जंजिरा मुंबईच्या दक्षिणेला, समुद्राने एका दिवसाच्या टप्प्यात. सिद्दीचे आरमार 1670 च्या दशकात पावसाळा काढायला माझगावला येऊन राहत असे. त्या आरमाराचा त्रास आणि उपयोग, दोन्ही मुंबईकरांनी शंभर वर्षे अनुभवले होते. मराठ्यांच्या हाती एवढा बळकट जलदुर्ग जावा असे इंग्रजांना मनापासून वाटत असेल, हे मला पटत नाही.

मग त्यांनी संमती का दिली? त्याचे उत्तर तारखेत आहे. 1 जून 1790 रोजी पुण्यात टिपूविरुद्ध कंपनी आणि पेशवे यांचा करार झाला होता. निजामही त्या दोस्तीत होता. पुढच्या मे महिन्यात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणाच्या जवळ पोचला, पण दाणावैरण संपली, बैल मेले, वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. मे संपता संपता हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मराठा सरदारांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या आणि त्यांच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजांची फौज जगली. सचिनच्या तहाची तारीख यानंतरच्या पंधरवड्यातली. कर्नाटकातली ही बातमी तोवर पुण्यात पोचली होती असे मी म्हणत नाही, तहाची बोलणी तर त्याआधीपासूनच चाललेली. पण त्या सबंध वर्षात कंपनीला मराठ्यांची गरज होती आणि पुण्यात ती कुणापासून लपलेली नव्हती. जंजिऱ्याच्या हक्काचा कागद नानांच्या दफ्तरात जाऊ देणे ही त्या गरजेची किंमत होती.

तारखेतून आणखी एक गोष्ट निघते. पेशव्यांचे महसुली वर्ष मृगापासून चाले. दफ्तरातले कारकून वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहीत आणि तो आकडा सूर्य मृगात गेला की बदले. 6 जून 1791 हा त्या पालटाच्या तोंडाचा दिवस. ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ संपून ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ लागण्याची वेळ. हिजरी चांद्र कालगणनेने तो सवाल (शव्वाल) महिन्याचा पहिला आठवडा होता, म्हणजे बाळूमियाच्या घरी रमजान ईद नुकतीच झालेली. वर्षाच्या आरंभीच मुलूख दिला की जुन्या सालाची वसुली देणाऱ्याची आणि नव्या सालाची घेणाऱ्याची. मध्येच हात बदलले असते तर कोणत्या हप्त्याचा पैसा कोणाचा यावरून कमाविसदार आणि नवाबाचा कारभारी यांच्यात वर्षभर वाद चालला असता. ही सोय मुद्दाम साधली की जमून आली याचा निवाडा तहाच्या कलमांवरून होत नाही. पण नानांचे दफ्तर पाहिलेल्या माणसाला पहिलीच शक्यता अधिक सयुक्तिक वाटेल.

आता 75,000 रुपयांकडे येऊ, कारण माझ्या मते सचिनच्या इतिहासाची किल्ली या आकड्यात आहे. 1908 च्या इंपिरिअल गॅझेटिअरमध्ये या संस्थानाचे वर्णन करताना पहिलीच गोष्ट सांगितली आहे ती गावांच्या विखुरलेपणाची. काही गावे चहूबाजूंनी ब्रिटिश मुलखाने वेढलेली, काही बडोद्याच्या गायकवाडांच्या हद्दीत अडकलेली. सगळी मिळून 42 चौरस मैल आणि 1901 च्या शिरगणतीत 20,530 माणसे. राजधानीचे सचिन सुरतेच्या दक्षिणेला नऊ मैलांवर. लाजपोरही या संस्थानातलेच, आणि डुमसच्या किनाऱ्यापर्यंत नवाबाचा संबंध पोचतो. कुठली नदी, कुठला डोंगर, कुठली जुनी वहिवाट या हद्दीला नाही. सुरतेच्या एजन्सीतली दुसरी दोन संस्थाने, धरमपूर आणि बांसदा, याहून अगदी निराळी होती. त्यांना सह्याद्रीच्या उताराचे जंगल होते, जुनी राजपूत घराणी होती, एकसंध म्हणता येईल असा प्रदेश होता. सचिनचा नकाशा मात्र एखाद्याने मूठभर ज्वारी अंगणात फेकावी तसा दिसतो.

असे का झाले, ते समजण्यासाठी त्या वेळची सुरत अठ्ठाविशी डोळ्यांपुढे आणावी लागते. सुरतेभोवतालच्या अठ्ठावीस महालांचा हा मुलूख. दमाजी गायकवाडाला निम्मा गुजरात पेशव्यांच्या हवाली करावा लागला, त्या 1752 च्या वाटणीपासून इथे पेशव्यांचे आणि गायकवाडांचे महाल एकमेकांत गुंतले. सुरत शहरात नवाब मोगलांच्या नावाने बसलेला, किल्ला 1759 पासून कंपनीच्या ताब्यात, आणि शहराच्या उत्पन्नावर मराठ्यांची चौथाई. एका दिवसाच्या वाटचालीत प्रवाशाने तीन सरकारांचे जकातनाके ओलांडावेत अशी ती स्थिती. अशा मुलखात कारकुनाला जेव्हा सांगितले जाते, की अमुक रुपयांची जमा तोडून द्या, तेव्हा तो नकाशा पुढे घेत नाही. तो ताळेबंद पुढे घेतो. गावावार जमेचा झाडा समोर असतो. या गावाचे इतके, त्या गावाचे तितके, त्यातून इनाम, हक्कदार, देवस्थाने यांचे वजा. बेरीज ठरल्या रकमेला येईपर्यंत गावे लावत जायची. आकडा आधी ठरला, गावे मागून आली. सचिन संस्थानाच्या हद्दी वेड्यावाकड्या आहेत त्याचे कारण मला हेच दिसते. त्या हद्दी म्हणजे बेरजेचे रकाने आहेत.

सुरतच का, याचेही उत्तर जुन्या हिशेबात आहे. औरंगजेबाने सिद्दीला आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून सालीना सुमारे तीन लाख रुपये नेमून दिले होते. याकूतखान हा किताबही त्याच चाकरीतला आणि सचिनच्या नवाबांनी तो अखेरपर्यंत आपल्या नावात चालवला. कंपनीने 1759 मध्ये सुरतेचा किल्ला आणि मोगल आरमाराचे पद घेतले तेव्हा सिद्दीचे हे उत्पन्न बुडाले. म्हणजे बाळूमियाच्या घराण्याला सुरत परकी नव्हती. कोकणात त्याला जमीन देणे तर धोक्याचेच होते. हबसाणाच्या, म्हणजे जंजिऱ्याच्या मुलखाच्या, किनाऱ्यावर आपली माणसे गोळा करून तो उद्या पुन्हा किल्ल्याकडे वळला असता. जंजिऱ्यापासून लांब, ओळखीच्या आणि सुपीक मुलखात त्याला बसवणे हा शहाणा निर्णय होता.

इंग्लंडात गावगाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रकारच्या अभ्यासाची शिस्त फार चांगली बसवली आहे. 1899 मध्ये तिथे ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ हा परगण्यांच्या इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. त्यात प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, वेगळा लेख असतो आणि त्यात ‘मॅनर’ नावाच्या जमीनदारी हक्काचा वंशवृक्ष लावलेला असतो. हा हक्क 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत कोणाकडे होता, नंतर लग्नात कोणाकडे गेला, कोणी विकला, कोणाचा जप्त झाला, हे खरेदीखतांवरून आणि मॅनरच्या कचेरीच्या कागदांवरून ओळीने सांगतात. मॅनर आणि पॅरिश यांच्या हद्दी पुष्कळदा जुळत नाहीत, कारण मॅनर हा मुळात उत्पन्नाचा आणि अधिकाराचा गठ्ठा. तो दोन गावांत सांडतो, एका गावात तीन मॅनर मावतात. सचिनच्या गावांकडे या नजरेने पाहिले तर त्यांचा विखुरलेपणा चमत्कारिक वाटत नाही. इंग्रज गॅझेटिअरकारांना तो चमत्कारिक वाटला, कारण ते ‘स्टेट’ शोधत होते. त्यांच्याच देशातल्या मॅनरशी त्यांनी तुलना केली असती तर गोष्ट तिथेच उलगडली असती.

इकडे पुण्यात मिळालेल्या कागदाचे काय झाले? काहीही नाही. जंजिरा पेशव्यांना कधीच मिळाला नाही. सिद्दी जोहार 1789 मध्ये मरण पावला, त्याच्या जागी इब्राहिमखान आला. तह झाला तेव्हा किल्ल्यावर तोच होता आणि त्या तहाने त्याला बांधलेले नव्हते. 1792 मध्ये सिद्दी जमरुदखानाने इब्राहिमखानाला हटवले आणि तो 1803 पर्यंत राहिला. नंतर इब्राहिमखान परतला आणि 1826 पर्यंत त्याने राज्य केले. किल्ल्यात माणसे बदलत राहिली, दरवाजा मराठ्यांना उघडला नाही. पुण्यात 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, 1800 मध्ये नाना गेले आणि जंजिऱ्यावर मोहीम काढण्याइतके स्वास्थ्य दरबाराला पुन्हा लाभले नाही.

यावरून नानांनी सौद्यात मार खाल्ला असे म्हणणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. सालीना 75,000 रुपयांचा मुलूख ही पेशव्यांच्या खजिन्याला जाणवेल अशी रक्कम होती, हे खरे. पण जंजिऱ्यावर एक पावसाळा फौज आणि आरमार बसवायला याहून किती तरी जास्त पैसा लागे आणि बाजीरावाच्या वेळी तो खर्चूनही किल्ला हाती आला नव्हता. नानांनी त्या रकमेत एक हक्क घेतला आणि त्या हक्काला कंपनीची मान्यता मिळवली. मराठी राज्य आणखी वीस वर्षे धड चालले असते तर त्या मान्यतेचे मोल कळले असते. राज्यच चालले नाही, हा दोष तहाचा नव्हे.

यापुढची गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि तैनाती फौजेच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख कंपनीला तोडून दिला. त्या तहाला जोडलेल्या यादीत सुरत अठ्ठाविशीतली पेशव्यांची ठाणी एकामागून एक येतात: पारनेरा, वलसाड, सुपा, तापीच्या उत्तरेकडे हंसोट, अंकलेश्वर, शिवाय सुरतेची चौथाई. उरलेसुरले 1817 च्या पुणे करारात आणि 1818 मध्ये गेले. म्हणजे पेशव्यांनी या भागात जे स्वतःसाठी राखले होते ते अकरा वर्षांत इंग्रजांचे होऊ लागले. जे बाळूमियाला देऊन टाकले होते, ते मात्र तसेच राहिले. गॅझेटिअर जेव्हा म्हणते, की सचिनची काही गावे ब्रिटिश मुलखाने वेढलेली आहेत, तेव्हा वेढणारी ती जमीनही एके काळी पुण्याच्या हिशेबात होती हे लक्षात ठेवले पाहिजे. दक्षिण गुजरातेत मराठी दफ्तराने आखलेली ती रेघ 1948 पर्यंत नकाशावर टिकली. पुण्यात शनिवारवाड्यावर निशाण बदलून 130 वर्षे झाली होती.

नवाबांचा पुढचा इतिहास मी धावता सांगतो, कारण तो संस्थानांच्या नेहमीच्या चाकोरीतला आहे. पहिला नवाब 1802 मध्ये वारला, दुसऱ्याने 1853 पर्यंत राज्य केले. एकोणिसाव्या शतकात संस्थान कर्जात रुतले आणि काही काळ कारभारावर इंग्रजांची देखरेख आली. सुरतेचा कलेक्टर हाच पदसिद्ध पोलिटिकल एजंट, त्यामुळे नवाबाची आणि साहेबाची गाठ जवळच्या जवळ पडे. नऊ तोफांची सलामी होती. 1887 मध्ये गादीवर आलेला तिसरा इब्राहिम महंमद याकूतखान तेव्हा तान्हा होता. तो पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेला आणि 1930 पर्यंत नवाब राहिला. ज्या खंडातून त्याचे पूर्वज कधी काळी निघाले, त्या खंडात तो ब्रिटिश फौजेचा अधिकारी म्हणून उतरला. त्याच्यानंतर हैदर महंमद याकूतखान हा शेवटचा.

तिसऱ्या इब्राहिमच्या नावाशी एक प्रसिद्ध गोष्ट जोडलेली आहे. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ या 1926 च्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका फातमा बेगम आणि त्यांची मुलगी, ‘आलम आरा’ची नायिका जुबेदा, यांचे नाते या नवाबाशी सांगितले जाते. विवाहाचा करार किंवा मुलींना नवाबाने आपले म्हटल्याची नोंद उपलब्ध नाही. तेव्हा साधार इतिहासात ही गोष्ट ‘सांगितले जाते’ या शब्दांपलीकडे नेता येत नाही. फातमा बेगम भारतातल्या पहिल्या चित्रपट दिग्दर्शिका होत्या, ही गोष्ट मात्र भक्कम आहे आणि तिला नवाबाच्या नावाचा टेकू लागत नाही.

राज्यकर्त्यांचे एवढे कागद राहिले, गावांचे काय? सचिनचा अभ्यास करणाऱ्याने खरा जीव जिथे लावायचा ती जागा ही. तहात गावकरी नाहीत. 1791 च्या मृगात एका सकाळी ज्या पाटलाला कळले असेल, की यंदापासून वसुली पुण्याच्या कमाविसदाराला द्यायची नसून सिद्दीच्या माणसाला द्यायची आहे, त्याचे नाव तहात कोणी घातले नाही. अनाविल ब्राह्मण जमीनमालक, त्यांच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या हाळी म्हणून राबलेले दुबळा जमातीचे लोक, ज्यांना पुढे हळपती हे नाव मिळाले, किनाऱ्यावरचे कोळी, गावोगावचे सुन्नी व्होरा शेतकरी, ही या मुलखाची माणसे. हाळी पद्धतीत लग्नाच्या कर्जापायी माणूस मालकाच्या दाराशी बांधला जाई आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. ही पद्धत सुरत जिल्ह्यात सर्वत्र होती. हद्द नवाबाची की कलेक्टरची, याने दुबळ्याच्या दिवसात काही फरक पडत नसे. इंग्लंडातल्या मॅनरच्या कचेरीत निदान कुळांची नावे, त्यांचे दंड, त्यांच्या झोपडीचे वारस नोंदवलेले सापडतात. तिथल्या चर्चच्या वह्यांत 1538 पासून बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहायची सक्ती होती. आपल्याकडे हळपतीचे नाव कागदावर येते ते बहुधा इंग्रजी अमदानीत, शिरगणती आणि मोजणी सुरू झाल्यावर.

म्हणून गावाच्या अंगाने सचिनचा इतिहास लिहायचा तर दरबारी कागदांवर भागणार नाही. मोजणीची जुनी रजिस्टरे, मशिदींच्या आणि देवळांच्या इनामांच्या सनदा, घरोघरच्या खतावण्या, दर्ग्यांतल्या कबरींवरचे लेख, सगळे एकत्र आणावे लागेल. यातला थोडा भाग आता भारताबाहेर आहे. सुरत जिल्ह्यातल्या व्होरा कुटुंबांतले अनेक जण विसाव्या शतकात लँकेशर आणि यॉर्कशरच्या कापड गिरण्यांत गेले, त्यांत लाजपोरचेही लोक होते. त्यांच्यातल्या काहींनी आपल्या गावाच्या वंशावळी जपल्या आहेत. इंग्लंडच्या ज्या गावांनी आपल्या पॅरिशचा इतिहास लिहायचे तंत्र घडवले, त्यांच्याच शेजारी आज सचिन संस्थानातल्या घराण्यांची नातवंडे राहतात.

1948 मध्ये सचिन मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सुरत जिल्ह्यात मिसळले. जंजिराही त्याच वर्षी त्याच प्रांतात आला. सिद्दींच्या दोन शाखा, एक किल्ला धरून बसलेली आणि एक हक्क विकून गेलेली, दीडशे वर्षांनंतर एका सरकारच्या छत्राखाली आल्या. बारा वर्षेच. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, जंजिरा महाराष्ट्रात राहिला आणि सचिन गुजरातेत गेले. त्याबरोबर कागदही दोन भाषांच्या अभ्यासकांत वाटले गेले. गुजराती अभ्यासकाला मोडी येत नाही म्हणून पेशव्यांच्या सुरतेकडच्या रुमालांना हात लागत नाही. मराठी अभ्यासक सिद्दी म्हणजे जंजिरा एवढे धरून सुरतेकडे पाहत नाही.

हे काम करायला आज सर्वांत योग्य माणसे सुरतेत राहणारी मराठी माणसे आहेत. त्यांना गुजराती येते, मोडी शिकायला त्यांना काही महिने पुरतील, आणि ज्या गावांविषयी लिहायचे ती त्यांच्या दारात आहेत. सचिन, उधना, पांडेसरा या भागांत मराठी मंडळे आहेत, शाळा आहेत, इतिहासाची गोडी असलेले शिक्षक आहेत. त्यांनी एक गाव घ्यावे, त्याचा 1791 च्या आधीचा धनी, नंतरचा धनी, जमेचा आकडा आणि कसणारी घराणी एवढेच शोधून लिहावे. आणि सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत ज्या कुणाच्या घरी पेशवाईतल्या कमाविसदारीचे, देशमुखी-देसाईगिरीचे मोडी बाड असेल, त्यांनी ते वाळवीच्या हाती लागण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा जवळच्या सरकारी दफ्तरखान्याकडे नेऊन त्याची नक्कल करून घ्यावी. मूळ कागद आपल्यापाशीच ठेवा. नक्कल मात्र जरूर करून घ्या.